इंडक्शनवर एरर कोड नेमका कधी येतो, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: टेबलावर ठेवायचा, एका कॉइलचा, २००० वॉटचा इंडक्शन कुकटॉप. चालू केला की काही मिनिटं व्यवस्थित चालतो, मग बीप-बीप करत पडद्यावर ‘ई’ आणि पुढे एक आकडा दाखवून बंद पडतो. प्लग काढून पुन्हा लावला की चालतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. माहितीपुस्तिका हरवली आहे आणि चौकशी केली तर एकाच कोडचे तीन वेगळे अर्थ सांगितले जातात. बोर्ड बदलावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. पडद्यावर कोड उमटतोय याचा अर्थ फ्यूज शाबूत आहे, बोर्डावरचा छोटा पॉवर सप्लाय चालू आहे आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे यंत्राचा मेंदू असलेली चिप, जागा आहे. इंडक्शनमधला खरा मोठा बिघाड म्हणजे आयजीबीटी, म्हणजे कॉइलचा प्रवाह वेगाने चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट होणं. तो झाला की फ्यूज उडतो आणि पडदा काळा पडतो, कोड दाखवायला कुणी उरतच नाही. त्यामुळे कोड दाखवणारा कुकटॉप हा बहुधा दुरुस्त होणारा कुकटॉप असतो.

एकाच कोडचे तीन अर्थ सांगितले गेले, त्यात कुणी फसवलेलं नाही. या कोडना कुठलंही सामाईक मानक नाही. ई१ म्हणजे एका कंपनीत ‘भांडं नाही’, दुसरीत ‘व्होल्टेज कमी’ आणि तिसरीत ‘काचेखालचा सेन्सर तुटला’. पण आकडा कुठलाही असो, टेबलावरच्या इंडक्शनला मुळात करण्यासारख्या तक्रारी पाच-सहाच आहेत: भांडं सापडत नाही, येणारं व्होल्टेज कमी किंवा जास्त आहे, काच तापली, आतला आयजीबीटी तापला, एखादा तापमान-सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला, आणि बटणांच्या पट्टीवर काहीतरी दाबून बसलंय. यातली प्रत्येक तक्रार आपापल्या वेळेला येते. म्हणून पुस्तिका नसेल तर आकड्यामागे धावू नका, घड्याळ घ्या.

त्याआधी एक बारीक गोष्ट. आकडा नीट वाचलाय ना? पडद्यावरचा प्रत्येक अंक सात छोट्या पट्ट्यांचा असतो. त्यातली एखादी पट्टी गेली असेल तर ८ चा ६ किंवा ९ दिसतो आणि ‘ई’चा खालचा दांडा गेला की ‘एफ’ दिसतो. प्लग लावल्या क्षणी बरीचशी यंत्रं अर्धा सेकंद सगळ्या पट्ट्या पेटवतात. तेव्हा ८८८८ पूर्ण दिसतंय का, ते मोबाइलच्या कॅमेऱ्यात टिपून पाहा. डोळ्याला ते सापडत नाही.

आता चाचणी. लोहचुंबक घट्ट चिकटेल असं, सपाट बुडाचं, साधारण १५ ते २० सेंटिमीटर व्यासाचं भांडं घ्या. त्यात बरोबर १ लिटर पाणी घाला, भांडं मधोमध ठेवा, पूर्ण पॉवर लावा आणि वेळ मोजायला सुरुवात करा. २००० वॉटच्या कुकटॉपवर खोलीच्या तापमानाचं १ लिटर पाणी साडेतीन मिनिटांच्या आसपास उकळायला हवं. कोड येण्याआधीच सहा-सात मिनिटं लागत असतील, तर यंत्र गपचूप स्वतःची पॉवर कमी करतंय. पुष्कळ यंत्रं तापू लागली की लगेच बंद होत नाहीत, आधी पॉवर उतरवतात आणि मगच कोड देतात. ही माहिती पुढे कामाला येते.

कोड आला की वेळ लिहून ठेवा. मग प्लग काढून लगेच लावा आणि पुन्हा चालू करा. ही चाचणी एकदाच करायची, कारण प्लग काढला की पंखाही थांबतो आणि आतली उष्णता आतच राहते. पण तिच्यातून जे कळतं ते मोलाचं आहे. पुन्हा चालू केल्यावर कोड काही सेकंदांतच परतला आणि तासाभराने थंड झाल्यावर मात्र पहिल्याइतकीच मिनिटं चालला, तर प्रकरण उष्णतेचं आहे. उलट, लगेच चालू करूनही पहिल्याइतकाच वेळ चालला, तर उष्णतेला सोडा आणि वायरिंगकडे वळा.

तुमच्या वर्णनावरून, म्हणजे ‘काही मिनिटांनी’ या शब्दांवरून, पहिला संशय हवेच्या वाटेवर. दोन ते सहा मिनिटांत येणारा कोड बहुतेकदा आयजीबीटी तापल्याचा असतो. २००० वॉटपैकी बरीच ऊर्जा भांड्यात जाते, पण जी वाया जाते ती बोर्डावरच्या एका बोटभर अॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर (भागांची उष्णता ओढून हवेत सोडणारा तुकडा) आणि कॉइलवर उतरते आणि ती बाहेर काढायला एकच छोटा पंखा असतो. तो हवा बहुधा खालून ओढतो. कुकटॉपखाली कापड, वर्तमानपत्र किंवा मऊ प्लास्टिक असेल तर ते पंख्याच्या ओढीने जाळीला चिकटतं. यंत्र उचललं की ते सुटून खाली पडतं, त्यामुळे दोष कधी दिसतच नाही. कुकटॉप कडक, उघड्या पृष्ठभागावर ठेवा, मागे आणि बाजूला १० सेंटिमीटर जागा सोडा आणि चाचणी पुन्हा घ्या. मग टिश्यू पेपरची एक पातळ पट्टी हवा बाहेर येते त्या जाळीसमोर धरा. ती ठामपणे बाहेर उडायला हवी. नुसती थरथरत असेल तर हवा पुरत नाही. पंखा चालू असल्याचा आवाज येतो म्हणून पंखा ठीक आहे असं धरून चालू नका. पात्यांवर तेलकट धुळीचा थर बसला की आवाज तितकाच येतो, हवा निम्मी.

इथून पुढे यंत्र उघडावं लागतं. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. काचेला तडा असेल तर उघडायचा प्रश्नच नाही. ते वापरणंच थांबवा, कारण तड्यातून उतरलेलं पाणी थेट मेन व्होल्टेजवर जातं.

प्लग काढा आणि दहा मिनिटं थांबा. स्क्रू खालच्या बाजूला असतात, एक-दोन रबरी पायांच्या आत किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. वरचा भाग उचलताना झटका देऊ नका, बटणांच्या पट्टीची चपटी केबल आणि काचेखालच्या सेन्सरची बारीक वायर वरच्या भागाला जोडलेली असू शकते. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे ब्रिज रेक्टिफायरच्या, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या चार पायांच्या भागाच्या, प्लस आणि मायनस पायांवर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावणं. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर इथे प्लग लावलेला असताना ३२५ व्होल्टपर्यंत असतात. काही व्होल्ट जरी शिल्लक दिसले तरी १ ते १० किलोओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर दोन्ही पायांवर काही सेकंद धरून ते उतरवा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) रिकामा करण्याची सवय वाईट, त्यात ब्रिजचे पाय आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी जळते.

दुसरी ताकीद जास्त महत्त्वाची. अशा बहुतेक कुकटॉपमध्ये ५ आणि १८ व्होल्टची बाजू मेनपासून वेगळी केलेली नसते. बटणांचा बोर्ड, पंख्याच्या वायरी, सेन्सर ही सगळी ‘लो व्होल्टेज’ दिसणारी मंडळी जमिनीच्या संदर्भात मेनच्याच पातळीवर तरंगत असतात. प्लग लावलेला असताना उघड्या बोर्डावरच्या कशालाही हात लावायचा नाही, पंख्याच्या कनेक्टरलासुद्धा नाही. खाली जिथे चालू स्थितीत मोजायला सांगितलं आहे, तिथे आधी प्लग काढून क्लिप लावायच्या, मग प्लग लावून आकडा वाचायचा, मग प्लग काढून क्लिप सोडवायच्या.

पंखा बोटाने फिरवून पाहा. टिचकी मारल्यावर तो दोन-तीन फेरे सहज घ्यायला हवा. लगेच थांबत असेल तर बुशिंग, म्हणजे पंख्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी, कोरडं पडलं आहे. मध्यावरचं स्टिकर उचलून हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब सोडा. ही मलमपट्टी आहे, काही महिने टिकते, नवा पंखा बसवणंच चांगलं. पंख्याच्या लेबलवर व्होल्टेज लिहिलेलं असतं, बहुतेकदा १८ व्होल्ट, काहींत १२ किंवा २४. १८ च्या जागी १२ चा पंखा लावला तर जोरात फिरेल आणि लवकर मरेल. १८ च्या जागी २४ चा लावला तर मंद फिरेल आणि कोड परत येईल.

पंखा नवा असूनही मंद असेल तर त्याच्या कनेक्टरवर चालू स्थितीत व्होल्टेज मोजा. १८ च्या जागी १३-१४ दिसलं तर दोष पंख्यात नाही, सप्लायमध्ये आहे. १८ व्होल्टच्या रेषेवरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, सहसा १०० ते ४७० मायक्रोफॅरडमधला, सुकलेला असतो. याचा दुष्परिणाम दुहेरी आहे आणि म्हणूनच हा बिघाड लोकांना चकवतो. पंखा तर मंदावतोच, शिवाय हाच १८ व्होल्टचा सप्लाय आयजीबीटीच्या गेटला चालवतो. गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही की आयजीबीटी पूर्ण चालू होत नाही आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. म्हणजे उष्णता वाढली आणि वारा कमी झाला, दोन्ही एकाच वेळी. पंखा बदलून भागलं नाही म्हणून आयजीबीटी बदलणारे इथेच फसतात. नवा आयजीबीटीही तसाच तापतो. कपॅसिटर बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज रेटिंग ३५ व्होल्ट आणि १०५ अंशांचा घ्या. ८५ अंशांचा या जागी टिकत नाही.

हवा आणि सप्लाय दोन्ही ठीक असतील तर हीटसिंकचे स्क्रू तपासा. आयजीबीटी आणि ब्रिज यांच्या पाठीमागची पांढरी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल तर दोन्ही बाजू पुसून नवी लावा, पातळ, एकसारखी. जास्त थापल्याने काही जास्त थंड होत नाही. हीटसिंकवरचा तापमान-सेन्सर बऱ्याच बोर्डांवर आयजीबीटीच्या अगदी शेजारी, हीटसिंकला टेकून बसवलेला असतो. त्याच्या पायांचं सोल्डर तडकलेलं असेल तर यंत्र थोडं तापल्यावर पाय सुटतो आणि थंड झाल्यावर जुळतो. हुबेहूब उष्णतेच्या बिघाडासारखं वागतो हा. भिंग घेऊन पायाभोवती बारीक काळं वर्तुळ दिसतंय का पाहा, आणि दिसो न दिसो, नवं सोल्डर घालून टाका.

आता काचेखालच्या सेन्सरकडे येऊ. कॉइलच्या बरोबर मध्यभागी, काचेच्या खालच्या बाजूला टेकलेला एक मणी असतो, दोन पातळ वायरींचा. हा एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे तापमान वाढलं की याचा रेझिस्टन्स उतरतो. सर्वाधिक आढळणारा थर्मिस्टर २५ अंशांना १०० किलोओहमचा असतो. त्याचा कनेक्टर बोर्डापासून सोडवा, मीटर २०० किलोओहमवर ठेवा आणि मोजा. मोजताना दोन्ही प्रोबची धातूची टोकं बोटांनी धरू नका, नाहीतर तुमच्या शरीराचा रेझिस्टन्सही त्यात मिसळतो आणि आकडा कमी दिसतो. २५ अंशांच्या खोलीत १०० च्या आसपास यायला हवा. मग मणी चिमटीत धरा. आकडा हळूहळू, न अडखळता उतरत ७० च्या जवळ आला पाहिजे. गरम पाण्याच्या पेल्याबाहेरून टेकवला तर आणखी उतरेल. ५० अंशांना साधारण ३६ किलोओहम, १०० अंशांना ७ च्या जवळ आणि १८० अंशांना जेमतेम १ किलोओहम.

आकडा मध्येच उडी मारत असेल, किंवा वायर मण्याजवळ हलवल्यावर अनंत दाखवत असेल, तर थर्मिस्टर बदलायचा. दुरुस्त होत नाही. पूर्ण तुटलेला किंवा पूर्ण शॉर्ट झालेला थर्मिस्टर प्लग लावल्याबरोबर किंवा चालू बटण दाबल्याबरोबर कोड देतो, कारण मायक्रोकंट्रोलर सुरुवातीलाच त्याचं व्होल्टेज वाचतो आणि ते अगदी टोकाला, शून्याला किंवा ५ व्होल्टला, चिकटलेलं दिसतं. काही यंत्रं आणखी एक हुशारी करतात: पूर्ण पॉवरवर काही मिनिटं चालूनही थर्मिस्टरचा आकडा हललाच नाही, तर ‘सेन्सर निकामी’ असा कोड देतात. थर्मिस्टर चांगला, मीटरवर सगळं बरोबर आणि तरी हा कोड येत असेल तर मणी काचेला टेकतोय का पाहा. खालची स्प्रिंग किंवा सिलिकॉनची गादी सरकलेली असते, किंवा पेस्ट सुकून गळून गेलेली असते. काडीपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी सिलिकॉनची थर्मल पेस्ट मण्यावर लावा आणि काच बसवताना तो चिरडत नाही ना याची खात्री करा.

पेस्टविना चालवायची चूक करू नका. तेव्हा मण्याला काचेची खरी उष्णता कळत नाही. काच तापल्याचा कोड येणं बंद होईल, पण रिकामं भांडं लाल होईपर्यंत यंत्र थांबणारही नाही. कोड ‘घालवण्यासाठी’ थर्मिस्टरच्या जागी १०० किलोओहमचा साधा रेझिस्टर झाळून देणारे असतात. आधीच्या मालकाने दुरुस्त करून घेतलेलं यंत्र असेल तर हे आवर्जून तपासा.

बराच वेळ चांगलं चालून, दहा-पंधरा मिनिटांनी किंवा भांड्यातलं पाणी आटल्यावर येणारा कोड मात्र यंत्राचा बिघाड नसतो. काच तापली आहे आणि सेन्सर आपलं काम करतोय. बूड मध्ये खाली फुगलेलं भांडं असेल तर सगळी उष्णता नेमकी सेन्सरच्या डोक्यावर येते आणि तोच कोड लवकर येतो. भांडं उलटं करून बुडावर पट्टी उभी धरा. मधोमध टेकून कडांशी एक मिलिमीटरहून जास्त फट दिसली तर भांडं बदला.

व्होल्टेजचे कोड. यांची खूण अशी की कमी पॉवरवर यंत्र तासभर चालतं आणि पूर्ण पॉवर लावली की काही सेकंदांत बंद पडतं, किंवा दिवसाच्या ठरावीक वेळीच त्रास देतं. २३० व्होल्टवर २००० वॉट म्हणजे ८.७ अँपिअर. सॉकेटमधला सैल जोड फक्त अर्ध्या ओहमचा असला तरी तिथे ४ व्होल्ट गळतात. ते चालून जातं, पण त्याच जोडावर ३८ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे एखाद्या सोल्डरिंग आयर्नइतकी. तो जोड रोज थोडा जळतो, त्याचा रेझिस्टन्स वाढत जातो आणि शेवटी कोडही येतो. प्लगची पिन वापरानंतर हात लावून पाहा (प्लग काढल्यावर). कोमट चालेल. बोट ठेवता येत नसेल किंवा पिनेवर काळा-निळा डाग असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्याला खातो. एक्स्टेन्शन कॉर्ड वापरू नये हे सगळेच सांगतात, कारण हे: ०.७५ चौरस मिलिमीटरच्या १० मीटर तांब्याच्या वायरीचा जाऊन-येऊन रेझिस्टन्स जवळपास अर्धा ओहम होतो. वापरावीच लागली तर १.५ चौरस मिलिमीटरहून कमी नको, आणि गुंडाळी पूर्ण उलगडलेली हवी.

मीटरने तपासायचं असेल तर व्होल्टेज यंत्र बंद असताना मोजण्यात अर्थ नाही. त्याच सर्किटवरच्या शेजारच्या सॉकेटवर, कुकटॉप पूर्ण पॉवरवर असताना मोजा. २२८ वरून २२० वर आलं तर ठीक. २०० च्या खाली कोसळलं तर इलेक्ट्रिशियन बोलवा, कुकटॉपचा दोष नाही. इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर कोड येत असेल आणि मेनवर येत नसेल तर तिथेही कुकटॉपला दोष देऊ नका. चौकोनी किंवा वेड्यावाकड्या लहरींचा पुरवठा याच्या मोजणीला पचत नाही.

पण सॉकेटवर २२८ स्थिर आहे आणि यंत्र तरीही ‘व्होल्टेज कमी’ म्हणतंय, असं असेल तर गोष्ट रंजक होते. मायक्रोकंट्रोलर मेन व्होल्टेज थेट मोजत नाही. ब्रिजच्या आसपासून दोन-तीन मोठ्या रेझिस्टरची साखळी निघते, प्रत्येकी काहीशे किलोओहमचे, आणि शेवटी खाली एक छोटा रेझिस्टर असतो. त्या छोट्यावर पडणारे दोन-तीन व्होल्ट तो वाचतो. वरच्या साखळीतला एखादा वयपरत्वे वाढला किंवा तुटला की वाचन घटतं, यंत्राला व्होल्टेज कमी वाटतं. खालचा तुटला की वाचन वाढतं, यंत्राला व्होल्टेज जास्त वाटतं. कोड ‘कमी’चा की ‘जास्त’चा एवढ्यावरून कुठला रेझिस्टर आधी मोजायचा ते ठरतं.

मोजताना एक नियम लक्षात ठेवा. बोर्डावर असतानाच मोजला तर शेजारच्या वाटांमुळे आकडा छापील मूल्यापेक्षा कमी दिसू शकतो, त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. कपॅसिटर रिकामे असताना आकडा जास्त मात्र कधीच दिसत नाही. ३३० किलोओहमचा रेझिस्टर जागेवरच ४१० दाखवत असेल तर तो गेला, पाय सोडवून खात्री करायचीही गरज नाही. कमी दिसला तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा. बदली रेझिस्टर १ टक्क्याचा घ्या आणि आकाराने तेवढाच, कारण लहान आकाराचे इतकं व्होल्टेज सहन करत नाहीत.

याच जागी आणखी एक गुन्हेगार: झुरळं. आतली ऊब त्यांना आवडते. त्यांची विष्ठा आणि तेलकट वाफ मिळून बोर्डावर जो चिकट थर बनतो तो दमट हवेत थोडी वीज वाहू देतो. १० ओहमच्या रेझिस्टरला त्याने काही फरक पडत नाही, पण ३३० किलोओहमच्या शेजारी हा थर म्हणजे समांतर जोडलेला आणखी एक रेझिस्टर. दमट दिवशी कोड येतो, कोरड्या दिवशी येत नाही, याचं उत्तर बहुधा हेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दोन्ही बाजू घासा, विशेषतः मोठ्या रेझिस्टरखाली, आणि हेअर ड्रायरच्या मंद हवेवर दहा मिनिटं वाळवा.

भांडं न सापडल्याचा कोड ओळखायला सोपा. चालू केल्यावर दर एक-दोन सेकंदांनी हलकी टिक-टिक येते, पाणी तापत नाही आणि मिनिटभरात यंत्र बंद होतं. भांड्याचं बूड १२ सेंटिमीटरपेक्षा लहान, चुंबक नुसता कसाबसा चिकटणारं किंवा फक्त मध्ये लोखंडी चकती असलेलं असेल तर दुसरं भांडं ठेवून पाहा. खात्रीच्या भांड्यालाही यंत्र नाही म्हणत असेल तर आधी कॉइलच्या दोन टोकांचे स्क्रू. हे सैल होऊन जळलेले सर्रास सापडतात. पट्टी घासून चकचकीत करा आणि घट्ट आवळा. मग रेझोनन्स कपॅसिटर: कॉइलजवळचा मोठा, चौकोनी, १२०० व्होल्टचा, ०.२७ ते ०.३३ मायक्रोफॅरडमधला. १०० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.३ मायक्रोफॅरड मिळून सुमारे २९ किलोहर्ट्झला डोलतात. कपॅसिटर झिजला की हा ताल वर सरकतो आणि मायक्रोकंट्रोलरचा भांडं ओळखण्याचा हिशेब चुकतो. मीटरवर छापील मूल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त घटलेला दिसला तर बदला, आणि त्याच्या जागी त्याच जातीचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटरच लावा. साधा पॉलिएस्टरचा काही मिनिटांत फुगतो. हात घातलाच आहे तर शेजारचा सुमारे ५ मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटरही मोजून घ्या. हा अशक्त झालेला असताना यंत्र चालवत राहणं म्हणजे पुढचा आयजीबीटी स्वतःच्या हाताने उडवणं.

प्लग लावताच, काहीही न दाबता येणारा कोड, आणि थर्मिस्टर चांगला: मग बटणांची पट्टी पाहा. टच पॅनलवर पाण्याचा थेंब, ओलं फडकं किंवा भांड्याची कड आली तरी त्याला बोट वाटतं. पुसून कोरडं करूनही जात नसेल तर वाफ काच आणि पॅनलच्या मध्ये शिरली आहे. उघडून एक दिवस कोरड्या जागी ठेवा.

ओट्यात बसवलेला दोन किंवा चार कॉइलचा हॉब असेल तर एक फायदा मिळतो. आत एकसारखे सेन्सर असतात. ज्या कॉइलवर कोड येतो तिच्या थर्मिस्टरचा कनेक्टर आणि शेजारच्या तशाच कॉइलचा कनेक्टर अदलाबदल करा. कोड दुसऱ्या कॉइलवर गेला तर थर्मिस्टर दोषी, जागेवरच राहिला तर बोर्ड. नवा बसवल्यापासूनच ‘यू ४००’सारखा कोड दाखवणारा हॉब बहुधा चुकीचा जोडलेला असतो, न्यूट्रलच्या जागी दुसरा फेज आलेला असतो. तो लगेच मुख्य स्विचवरून बंद करा आणि जोडणी करणाऱ्यालाच परत बोलवा.

बोर्डावर काहीही बदललं असेल तर यंत्र थेट मेनला लावू नका. १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे पुरवठ्याच्या एकाच वायरीच्या मध्ये, जोडा. एलईडी चालत नाही, हॅलोजन चालतो. भांडं न ठेवता प्लग लावल्यावर बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, तिथेच थांबा. विझल्यावर चालू बटण दाबा, भांडं शोधण्याच्या टिक-टिकीबरोबर बल्ब हलका लुकलुकला पाहिजे. एवढं झालं की प्लग काढा, बल्ब काढा, वरची काच बसवून स्क्रू लावा आणि मगच १ लिटरची चाचणी पुन्हा घ्या, या वेळी सलग वीस मिनिटं, पाणी आटेल तसं घालत. बल्ब काढायला विसरलात तर यंत्र व्होल्टेज कमी असल्याचा कोड देईल, आणि या खेपेला तो अगदी खरा असेल.